देवाला न चालणारं पान

आमच्या यांना माणसांचे फोटो काढायचा कंटाळा आला, त्याला कारण माणसंच. कर्जतच्या बाजारपेठेत आमचं फोटोचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे दोन खोल्यांत आमचा संसार. फोटोला येणारा प्रत्येक जण आधी तोंडाला पावडर फासायचा, मग खुर्चीत असा ताठ बसायचा, जसा काही फौजदारासमोर जबानीलाच आलाय. नेमकी वेळ आली की पापण्या मिटायचा. आणि फोटो हातात पडला की भांडायला उभा! "मी येवढा काळा हाय का?" हे मुळात सोशिक. "उन्हाचा दोष हाय," असं म्हणून त्याची समजूत घालायचे. माझ्याने ते झालं नसतं. मी आरसाच पुढे केला असता.

त्या मानाने पानं बरी. पान पापणी मिटत नाही आणि मला गोरं करा म्हणत नाही. एका सकाळी यांनी खिडकीच्या काचेवर पिंपळाचं पान चिकटवलं, त्याच्यामागे कोवळं ऊन. पुढे तिपाईवरचा लाकडी कॅमेरा नेऊन ठेवला आणि काळ्या कापडात डोकं खुपसून बसले. मी भाकऱ्या थापत होते. म्हटलं, झालं, यांचं डोकं फिरलं. पण कागदावर ते पान उतरलं तेव्हा तव्यावरची भाकरी करपली तरी मी जागची हलले नाही. जन्मभर पायाखाली तुडवलेलं पान ते! मधली शीर देठातून निघून थेट शेपटीच्या टोकापर्यंत गेलेली. तिला दोन्ही अंगांनी फाटे, फाट्यांना आणखी फाटे, पावसाळ्यात आमच्या उल्हास नदीला ओहोळ येऊन मिळतात तसे. आणि त्यांच्या मधल्या जागेत इतकी बारीक जाळी की बघणाऱ्याचा श्वास आपोआप संथ व्हावा. माझा झाला होता. यांना मी ते बोलून दाखवलं नाही, ते वेगळं.

मग ती पानं मोठी करायचा ध्यास लागला. वीज आमच्याकडे नव्हती. ती भिवपुरीला तयार व्हायची आणि आमच्या डोक्यावरच्या तारांतून मुंबईला निघून जायची; आम्ही खाली कंदिलाच्या काचा पुसत बसायचो. म्हणून यांनी सूर्यालाच कामाला लावला. स्वैपाकघराच्या खिडकीला फळी ठोकली, तिला भोक पाडून त्यात फोटोची काच घातलेला कॅमेरा बसवला, बाहेर आरसा तिरका धरून ऊन आत घेतलं. बंद खोलीच्या अंधारात, माझ्या मडक्यांच्या उतरंडीशेजारी, हातभर उंचीचं पान भिंतीवर उभं राहायचं. ते चालू असताना चूल पेटवायची नाही, दार उघडायचं नाही, शिंकायचंसुद्धा नाही. कागद धुवायला माझी मोठी परात घेतली ती कायमचीच यांची झाली. मी तोंडाला येईल ते बोलायचे. पण त्या परातीतल्या पाण्यात कोऱ्या कागदाचं हळूहळू पान व्हायला लागलं की माझी बडबड थांबायची. असं काही आपल्या घरात होतं, या गोष्टीचा मला मनातून फार अभिमान वाटायचा.

पानांच्या बाबतीत हे भारी चोखंदळ. एखादा डाग दिसला, कड कुरतडलेली असली की ते पान बाद. "पान कसं निकोप पायजे," म्हणायचे. रानभर हिंडून पिशवी भरून आणायचे आणि त्यातलं एखादंच ठेवायचे. बाकीची मी चुलीत घालायचे.

विकत मात्र कुणी घेईना. आमच्या भागात भिंतीवर काचेत दोघांनाच जागा: एक देव आणि दुसरं गेलेलं माणूस. जित्या माणसाचा फोटो पेटीत कपड्यांखाली असतो. तो गेला की फोटो बाहेर काढून त्याला हार घालतात. दुकानात टांगलेलं पिंपळपान बघून एका म्हाताऱ्याने हात जोडले आणि हळूच मला विचारलं, "कोन वारलं गं?"

घेतली ती डॉक्टरीणबाईंनी. बाई पुण्याच्या. दुसरी मोठी लढाई संपल्यावर त्यांनी कर्जतला बाळंतपणाचा लहानसा दवाखाना काढला होता. काही कामाने दुकानात आल्या आणि काम विसरून पानांसमोर उभ्या राहिल्या.

"मालोजीराव, माझ्या बायका दिवस दिवस पांढऱ्या भिंतीकडे बघत पडतात हो," त्या म्हणाल्या. "कोरी भिंत बघून आधीच भ्यालेली बाई आणखी भिते. हे समोर असलं तर तिच्या जिवाला थंडावा मिळेल."

यांनी पिंपळ, पळस आणि उंबर अशी तीन पानं काचेच्या चौकटीत बसवून दिली आणि स्वतः जाऊन टांगली. त्या दिवशी जेवताना यांचं लक्ष ताटात नव्हतं. मीही मुद्दाम आमटीत मीठ कमी पडलंय का, हे विचारलं नाही.

त्याच वर्षी दिवाळी झाल्यावर माझी धाकटी बहीण सुंदरा त्या दवाखान्यात आली. ती खालापूरच्या बाजूला, शिळफाट्याजवळच्या एका गावात दिलेली. नवरा पोपट, साधा सरळ शेतकरी. घरात चालतं ते सासूचं, अंबाबाईंचं. सुंदराला आधी दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा सातव्या महिन्यातच सगळं आटोपलं. पहिल्यांदा मुलगा, मग मुलगी. दोघांनीही डोळे उघडले नाहीत. बारसं नाही, नाव नाही, कुणाच्या तोंडी पुन्हा शब्द नाही. घरात तो विषय निघायचाच नाही, आणि माझ्या बहिणीने त्यावर रडायचं कुठे हेही कुणी तिला सांगितलं नाही.

तिसऱ्या खेपेला सहाव्यातच डाग दिसायला लागले, तेव्हा अंबाबाई तिला बैलगाडीत घालून कर्जतला घेऊन आल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि आम्हा दोघींना बाहेर बोलावलं.

"हिने आता पडून राहायचं. उठायचं नाही, खाली उतरायचं नाही. बाळ पुरं भरेपर्यंत एवढं एकच काम. हे जमलं तर मूल हाती लागेल."

सुंदराला पडून राहा म्हणणं सोपं नव्हतं. भाताच्या कापणीला पुरुषांच्या पुढे जाणारी पोर ती. पण पहिले दिवस बरे गेले. तिच्या खाटेच्या पायथ्याला, समोरच्या भिंतीवर यांचं पिंपळपान होतं. ती कुशीवर वळून, पाय आखडून त्याच्याकडे बघत राहायची.

"आक्का, ह्ये दाजींनी काढलं?" तिने विचारलं. "जवळनं आसं आसतं व्हय पान?"

"आसंच आसतं. आपन बघत नाय."

बघता बघता तिचे डोळे मिटायचे. आधीच्या दोन वर्षांत मी तिला इतकं गाढ झोपलेलं पाहिलं नव्हतं. यांना सांगितलं तर हे नुसतेच हसले, पण कान लाल झाले होते.

मग पुन्हा डाग दिसला. डॉक्टरीणबाईंनी खाटेच्या पायथ्याकडच्या खुरांखाली विटा घातल्या. पाय उंच, डोकं खाली. म्हणाल्या, "अशीच राहा, पाय सरळ सोडून." आणि तिथून सुंदरा बिथरली. गुडघे पोटाशी घेऊन मुटकुळं करून पडायची. बाईंची पाठ वळली की उठून बसायची. बाई रागावल्या, मीही रागावले. काय होतंय विचारलं तर तोंडात पदर कोंबून रडायची, सांगायची काही नाही.

अंबाबाई पेजेचं भांडं घेऊन आत आल्या, उंबऱ्यातच थांबल्या आणि म्हणाल्या, "आगं, पिंपळाला पाय दावायला लावलेत की तिला!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वर उचललेल्या पावलांच्या थेट समोर, काचेत, पिंपळ. त्यातून आधीच्या कुणा बाईने काचेवर कुंकवाचं बोट ओढून ठेवलेलं. देवाकडे पाय करायचे नाहीत, हे आम्ही चालायला शिकायच्या आधी शिकतो. सुंदराला वाटत होतं, हे पाप आता तिसऱ्या लेकराला भोवणार. पण दाजींचा फोटो काढा असं तिने कोणत्या तोंडाने म्हणायचं? म्हणून गप्प.

"अहो, पानाचं चित्र आहे ते!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"काचंत हाय ना, बाई?" अंबाबाईंनी शांतपणे विचारलं.

बाई खाट फिरवून बघायला लागल्या. खाट उलटी फिरवावी तर पाय दक्षिणेला, म्हणजे यमाच्या दिशेला. त्यापेक्षा पिंपळ परवडला. आडवी लावावी तर खोली अरुंद. शेवटी बाईंनी तिन्ही चौकटी उतरवल्या, आणि सुंदराने पाय सरळ केले.

पण आता समोर राहिली कोरी पांढरी भिंत. दुसऱ्याच दिवशी सुंदरा माझा हात धरून म्हणाली, "आक्का, ही भित मला खायाला उठती. डोळं उघडं ठिवलं की तेच दिसतंय, मिटलं तरी तेच. मला घरी ने." तेच म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. दुपारी ती खाटेवरून खाली उतरून दारापर्यंत गेली. अंबाबाईही गाडी जुंपायची भाषा बोलायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "गाडीचे धक्के बसले तर हेही मूल जाईल."

मी घरी आले ती तणतणतच. "तुमच्या पानांनी माझ्या बहिनीचं आसं झालंय," मी यांना म्हटलं, "आता तुमीच निस्तरा." बिचाऱ्यांचा काय दोष होता? पण राग काढायला घरचं माणूसच हाताशी असतं.

हे निमूटपणे दवाखान्यात आले, ओसरीवर अंबाबाईंसमोर बसले आणि दुसरं कोणतं पान लावू म्हणून विचारायला लागले.

"पळस लावू?"

"मुंजीला पळस लागतो. नगं."

"उंबर?"

"दत्त बसतो त्याच्याखाली."

"आंबा?"

"तोरनाचा? काय बोलता, मालोजीराव!"

बेल, आपटा, वड, तुळस काही सुटेना. आमच्या रानात एक झाड असं नाही की जे कुठल्या ना कुठल्या देवाने आधीच आपलंसं केलेलं नाही. मला हसू यायला लागलं होतं आणि त्याच वेळी रडूही येत होतं.

"आवो, मग देवाला चालत नाय आसं हाय तरी कोन्तं पान?" हे अगदी हताश होऊन म्हणाले.

अंबाबाईंनी खरोखर विचार केला. देवाचं काम होतं ते, उगीच काहीतरी सांगून कसं चालेल? मग म्हणाल्या, "किडकं. झाड कोन्चं बी आसू दे, किडकं पान देवाला चालत नाय."

हे त्यांच्याकडे बघतच राहिले. मग ताडकन उठले आणि पळसदरीच्या वाटेला लागले.

दिवाळीच्या सुमाराला सागावर एक अळी पडते. ती पानातला हिरवा गर तेवढा खाते आणि शिरा सोडून देते. दुरून बघावं तर अख्खं सागाचं रान जळल्यासारखं तपकिरी दिसतं. त्या रानातून यांनी संध्याकाळी एक पान दोन फळ्यांच्या मधे धरून आणलं. सुपाएवढं मोठं, निम्मं हिरवं, निम्मं खाऊन जाळी झालेलं. असल्या पानाला यांनी एरवी वाकून हातसुद्धा लावला नसता.

मोठ्या मापाचा कागद लढाईपासून मिळत नव्हता. यांच्याकडे एकच उरला होता आणि तो कसल्याशा अगदी निकोप पानासाठी जपून ठेवलेला. तोच यांनी काढला. दुसऱ्या दिवशी कोवळ्या उन्हात यांनी पानाचा फोटो काढला, उन्हं चढल्यावर हे आत अंधारात गेले आणि बाहेर अंगणात आरसा मी धरला. सूर्य सरकेल तसा आरसा वळवायचा होता. हात भरून आले, शेजारणी कुंपणावरून हसत होत्या, पण मी आरसा हलू दिला नाही. मनात एवढंच होतं की कागद एकच आहे आणि बहीणही एकच आहे.

परातीत ते पान उमटलं तेव्हा आम्ही दोघंही वाकून बघायला लागलो. आजवरची सगळी पानं त्याच्यापुढे फिकी होती. हिरव्या भागात नुसतं कळायचं की आत शिरा आहेत. पण जिथे अळीने खाल्लं होतं तिथे आतलं सगळं उघडं पडलं होतं. जाड शिरेतून बारीक, बारकीतून केसाएवढी, आणि एकही तुटलेली नाही. मधून मधून भोकं, त्यातून पलीकडचा उजेड. बघावं तितकं थोडंच. नजर एका शिरेवर ठेवली की ती आपल्याला धरून हळूहळू पुढे नेत होती, आणि कुठे पोचायची घाई नव्हती.

"आनि मी ही पानं फेकून देत व्हतो," हे म्हणाले.

यांच्यासारखा माणूस मला मिळाला, याचं मला त्या परातीपाशी उभं असताना फार अप्रूप वाटलं. डोळे पुसायला पदर घेतला तो ओला निघाला, त्याला परातीचं पाणी लागलं होतं.

काच नको, चौकट नको, म्हणून यांनी फोटो खळीने फळीवर चिकटवला आणि दवाखान्यात नेऊन पिंपळाच्या जागी टांगला. अंबाबाई पुढे झाल्या. त्यांनी फोटोवर बोट फिरवत बारकाईने पाहिलं. "हितं खाल्लंय. हितं बी खाल्लंय. ही कड तर पार गेली." मग वळून म्हणाल्या, "ह्ये कोन्त्या बी देवाचं नाय. सोड पाय."

सुंदराचे गुडघे पोटाशीच. तिची भीती अशी बोलण्याने जाणार नव्हती. तेव्हा अंबाबाई खाटेच्या पायथ्याशी गेल्या आणि त्यांनी सुनेचे दोन्ही घोटे हातात धरले. सासूने सुनेच्या पायाला हात लावावा, असं मी तोपर्यंत कधी पाहिलं नव्हतं.

"आत्याबाई, नगा," सुंदरा दचकून म्हणाली.

"गप ऱ्हा. काय लागलं तर माज्या माथी लागंल." आणि त्यांनी ते पाय अलगद सरळ करून त्या पानाच्या दिशेने ठेवले.

सुंदरा राहिली. कार्तिक सरला, मार्गशीर्ष गेला, ती त्या खाटेवर राहिली. सकाळी डोळे उघडले की आधी पानाकडे बघायची. कधी ओठ हलायचे, कधी हसायची. तिची नजर एका कडेने निघायची आणि दुपारपर्यंत दुसऱ्या कडेला पोचायची. रडणं बंद झालं, पेज गोड लागायला लागली, डागही थांबले. डॉक्टरीणबाई फेरीला आल्या की तिच्या उशाशी उभ्या राहून स्वतःच पान बघत राहायच्या. शेजारच्या खोलीतल्या बायकांनीही तसंच पान मागितलं. आमचे हे पुन्हा रानात जायला लागले आणि पिशवी भरून किडकी पानं आणायला लागले. कर्जतच्या बाजारात यांच्या डोक्याबद्दल जी काही शंका होती, ती तेव्हा फिटली.

नववा लागला आणि पौषात एका सकाळी सुंदराला मुलगी झाली. लहानशीच होती, पण रडली अशी की ओसरीवर बसलेला पोपट ते ऐकून स्वतःच रडायला लागला. डॉक्टरीणबाईंनी हात धुता धुता आधी माझ्याकडे बघितलं आणि मग भिंतीकडे. अंबाबाईंनी नातीवरून मीठमोहऱ्या उतरवल्या आणि दिवसभर कुणाला तिच्याजवळ फिरकू दिलं नाही.

पाचवीच्या दिवशी दुपारी मी पाणी घेऊन आत गेले, तर सुंदरा उशीला टेकून बसलेली. मांडीवरच्या पोरीचं तोंड तिने भिंतीकडे केलं होतं आणि तिच्या कानाशी हळूहळू बोलत होती.

"त्यो मोठा दिसतोय ना, त्यो तुजा दादा. त्याच्याजवळची बारकी, ती ताई."

मी पानाकडे पाहिलं. हिरव्या भागात मधल्या शिरेला लागून दोन भोकं होती, एक मोठं, एक लहान, आणि दोन्हींतून उजेड दिसत होता. इतके दिवस मी ते पान कौतुकाने बघत होते, पण ही दोघं मला दिसली नव्हती.

मागे अंबाबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता चिडणार. त्या पुढे येऊन खाटेच्या कडेला बसल्या.

"मंग येवढं दिस त्यांच्याकडं पाय करून निजलीस व्हय गं?"

"आईचंच पाय ना, आत्याबाई," सुंदरा म्हणाली. "लेकरांकडं केलं तर काय व्हतं?"

अंबाबाईंनी त्या दोन भोकांकडे पाहिलं. आमच्याकडे गेलेली माणसं भिंतीवर असतात, त्यांचं नाव घेतात, त्यांना पान वाढतात. ही दोन मुलं कुठेच नव्हती. घराने त्यांना जागाच दिली नव्हती, आणि माझ्या बहिणीने ती स्वतः शोधून काढली होती.

"नावं काय ठिवलीस?" अंबाबाईंनी विचारलं.

"त्याचं कान्हा. तिचं चिमा."

अंबाबाईंनी पोरीला उचललं, तिची मान सांभाळत भिंतीपाशी नेलं आणि म्हणाल्या, "कान्हा, चिमा, ही बगा तुमची भैन आली."